खर्डा तिसरा

नॉरिचला या दिवसांत चारलाच अंधारतं.
तळघरात मात्र बाराही महिने एकच ऋतू:
सोळा अंश, कोरडा.
पेन बाहेर ठेवायचं,
आत फक्त पेन्सिल.

एकतीस खोकी आली टॅपस्कॉटबाईंच्या गॅरेजमधून.
गवत कापायच्या यंत्राखाली होती, भाचा म्हणाला,
आणि व्हॅनमधून उतरवताना त्यानं तोंड फिरवलं.
कागदाला ओल लागली की मासळीसारखा वास येतो.
मला सवय आहे. मी लोस्टॉफ्टची.

माझं काम गंजलेल्या टाचण्या काढण्याचं.
टाचणी निघते,
तिचा तांबूस डाग पानापानांतून खाली उतरत गेलेला असतो,
जणू कुणी एकदाच, नेमकं भोसकलंय.

पहिला खर्डा, एकसष्ट सालचा.
हेराचं नाव वॉल्टर गडजन.
चष्मा. दमा. इप्सविचला एक थोरली बहीण,
तिला तो दर रविवारी फोनवर खोटं सांगतो.
नवव्या पानावर तो पहिल्यांदा पिस्तूल हातात घेतो
आणि ओकतो.

दुसऱ्या खर्ड्यात समासात हिरवी शाई:
बहीण कशाला?
मग बहीण गेली.
चष्मा गुलाबी पानांवर गेला,
ओकारी निळ्या.
पिवळ्या पानांपर्यंत दमा गेला आणि दम आला.
शिंप्याच्या बिलामागे तीनदा लिहून पाहिलेलं नाव:
ड्रेक हॅलन, ड्रेक हॅलन, ड्रेक हॅलन.
तिसऱ्याखाली दोन रेघा.
सेन्सॉरचं पत्र त्यालाच जोडलेलं:
चुंबन दोन सेकंदांनी कमी करावे.
मृतांच्या संख्येस हरकत नाही.

सात चित्रपट निघाले. सातही मी पाहिले,
वडिलांच्या मांडीला मांडी लावून.
मासे डबाबंद करायच्या कारखान्यात होते ते, वाफेच्या खात्यात.
दाढी करताना आरशात एक भुवई उचलून बघायचे.
चौथा चित्रपट आला त्या वर्षापासून
छातीचा पंप त्यांनी चारचौघांत काढणं सोडलं.
मोरीचं दार लावून घ्यायचे.
आई नळ मोठा सोडायची.

हे कागदांशी संबंधित नाही.

तिसऱ्या खर्ड्यात एक पान जास्त आहे.
सत्तेचाळीस-अ.
दुसऱ्या कुठल्याच प्रतीत नाही, कार्बनवरही नाही.
गडजन, अजून गडजनच,
बहिणीच्या घरी मागच्या पायरीवर बसलाय.
ती वाटाणे सोलतेय.
तो म्हणतो, मी विमा विकत नाही, ग्रेटा.
ती म्हणते, ठाऊक आहे. श्वास घे आधी.
बस, एवढंच. अर्धं पान कोरं.

वर कोपऱ्यात लेखकाचं किरटं अक्षर:
म्युरिएल, हे कुणी लिहिलं?
खाली टंकलेलं उत्तर:
मला वाटलं, तुम्हीच.

मग पानभर तिरकी रेघ, हिरवी.

पगार आठवड्याला अकरा पौंड, पावत्या आहेत.
श्रेयनामावलीत ती नाही, मी सातही तपासल्या.
रद्द पानं फाडायची असा स्टुडिओचा हुकूम होता,
तोही तिनंच टंकलेला,
आणि तोही तिनं जपून ठेवलाय.

काल भाचा फोनवर विचारत होता,
पोस्टर वगैरे काही निघालं का, लिलावाला बरं.
म्हटलं, नाही. कागदच आहेत.
मावशीला दमा होता का, हे विचारायचं ओठांवर आलं होतं.
तो घाईत होता.

नोंदवहीत रकाना आहे: लेखक.
तीन दिवस पेन्सिल तिथं टेकवते आणि उचलते.
आता एक बारीक ठिपका पडलाय.

बाकी चार हजार पानांच्या टाचण्या निघाल्या,
बरणीत भरून ठेवल्यात.
सत्तेचाळीस-अ ची तेवढी राहू दिलीय.
नियमात बसत नाही.
वरिष्ठ विचारतील तेव्हा सांगेन,
काढताना पान फाटलं असतं.